इंग्लिश घेऊन बी.ए.

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरात एक बैठक भरते. ज्याचा निकाल लागलेला असतो तो सोडून बाकी सगळ्यांना या बैठकीत मत असतं. टक्के ऐंशीच्या वर असतील तर चर्चा पैशांची होते, साठच्या वर असतील तर ओळखीपाळखीची होते आणि त्याहून खाली असतील तर ग्रहमानाची. ‘आर्ट्स’ हा विषय मुद्दाम कुणी काढत नाही. चहाच्या कपबशा उचलता उचलता एखादी आत्या तो हळूच काढते आणि लगबगीने स्वयंपाकघरात निघून जाते. मुलाचे वडील छताकडे बघतात. मग मामा घसा खाकरतात आणि म्हणतात, ‘‘करू द्या की आर्ट्स. पण इंग्लिश घेऊन करू द्या.’’

एवढ्याने घर सावरतं. नुसतं बी.ए. म्हणजे पोरगं वाया गेलं. इंग्लिश घेऊन बी.ए. म्हणजे पोराच्या डोक्यात काहीतरी आहे, फक्त ते काय आहे हे अजून कुणाला कळलेलं नाही. इतिहास घेतला तर लोक ‘‘एमपीएससी का?’’ असं विचारतात. अर्थशास्त्र घेतलं तर ‘‘बँक का?’’ विचारतात. मराठी घेतलं तर काहीच विचारत नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवतात. इंग्लिशवाल्याला मात्र कुणी प्रश्न करत नाही, कारण उत्तर इंग्रजीत आलं तर काय करायचं, ही धास्ती असते. बघण्याच्या कार्यक्रमात मध्यस्थाने ‘‘मुलगी इंग्लिश घेऊन बी.ए. झालीय’’ असं सांगितलं की मुलाकडची मंडळी सतरंजीवर नकळत ताठ बसतात आणि मुलीला काही विचारायच्या ऐवजी पोह्यांचं कौतुक करू लागतात.

हा दरारा कालपरवाचा नाही. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेसाहेबांनी आपलं ते गाजलेलं टिपण लिहिलं आणि युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ घेतलं तरी त्यापुढे हिंदुस्थानचं नि अरबस्तानचं सगळं वाङ्मय फिकं पडेल, असा निकाल देऊन टाकला. आपल्याला संस्कृत येत नाही आणि अरबीही येत नाही, हे साहेबांनी त्याच टिपणात सांगितलं होतं. न वाचलेल्या पुस्तकांवर ठाम मत देण्याची जी परंपरा पुढे आमच्या इंग्रजी विभागांत भरभराटीला आली, तिची गंगोत्री ही.

यातली गंमत अशी की खुद्द ऑक्सफर्डात इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी निघाली ती १८९४ साली. आपल्याच भाषेतल्या कथा-कविता वाचायला पोरांना विद्यापीठात कशाला घालायचं, त्या तर जेवणं झाल्यावर घरी आरामखुर्चीत पडून वाचायच्या, असं तिथल्या बऱ्याच विद्वानांचं म्हणणं होतं. तोपर्यंत मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. – रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक – १८६२ सालीच बाहेर पडून तीस वर्षं उलटली होती, आणि शेक्सपिअर तोंडपाठ करूनही नापास होता येतं हे आमच्या पोरांनी अनेकदा सिद्ध करून दाखवलं होतं. साहेबाला आपलं साहित्य हा अभ्यासाचा विषय आहे असं वाटू लागलं, तेव्हा आमच्याकडे त्याचे रिपीटर होते.

पुण्याची शान तर आणखी वेगळी. डेक्कन कॉलेजात इंग्रजी शिकवायला प्रोफेसर वर्डस्वर्थ होते आणि ते कवी वर्डस्वर्थ यांचे सख्खे नातू. लोकमान्य टिळक त्यांच्या हाताखाली शिकले. म्हणजे डॅफोडिल्सची कविता अडली, तर ‘‘सर, आजोबांना इथे काय म्हणायचंय?’’ असं थेट विचारायची सोय पुण्यात होती. पुणेकरांनी ते विचारलं नसेल. आजोबांचं नेमकं कुठे चुकलं, ते नातवाला समजावून सांगितलं असेल.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजापर्यंत ती कविता पोहोचली तेव्हा तिच्यासोबत नातू नव्हता, गाइड होतं. पुणे विद्यापीठाच्या त्या वेळच्या पद्धतीत इंग्रजी स्पेशल घेतलं की साहित्याची वाटणी नंबरवार व्हायची. एस-वन म्हणजे नाटक, एस-टू म्हणजे कविता, एस-थ्री कादंबरी आणि एस-फोर समीक्षा. आम्ही लेखकांना त्यांच्या नावाने क्वचितच ओळखायचो. निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डापुढे संवाद चालायचे ते असे :

‘‘तुझा किती राहिला?’’

‘‘एस-फोर. ॲरिस्टॉटलनं घालवलं.’’

‘‘माझा कोलरिजनं काढला रे, नाहीतर मी पण गेलोच होतो.’’

आता नव्या शैक्षणिक धोरणात स्पेशल गेलं आणि मेजर आलं. नातू ‘‘माझं मेजर इंग्लिश’’ म्हणाला की आजोबांना तो परस्पर फौजेत लागल्याचा आनंद होतो. वर्गातलं चित्र मात्र फारसं बदललेलं नाही.

आमचे सर कविता मराठीत समजावून सांगायचे, नोट्स इंग्रजीत द्यायचे आणि विनोद हिंदीत करायचे. नोट्स देताना विरामचिन्हंसुद्धा सांगायचे. ‘‘वर्डस्वर्थ इज अ पोएट ऑफ नेचर, फुलस्टॉप.’’ मागच्या बाकावरच्या काही जणांच्या वह्यांत फुलस्टॉप हा शब्दही शुद्धलेखनासह उतरलेला असायचा आणि तो पुढे उत्तरपत्रिकेतही जायचा. परीक्षक तो वर्डस्वर्थचा गुणविशेष समजून गुण देत असावेत, कारण त्या पेपरात फारसं कुणी गेलं नाही.

डॅफोडिल वर्गात कुणी पाहिलेलं नव्हतं. सरांनीही नव्हतं. ‘‘पिवळं फूल असतं. तुम्ही झेंडू समजा,’’ असं म्हणून त्यांनी तो प्रश्न निकालात काढला आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. दसऱ्याच्या आदल्या रात्री बाजार समितीत ट्रकच्या ट्रक रिकामे होताना ज्यांनी बघितले होते, त्यांना एवढी फुलं एका जागी बघून हरखणारा माणूस मानवेना. एवढा माल समोर पडलाय आणि हा गडी भाव विचारत नाही? बरं, घरी जाऊन कोचावर पडल्यावर पुन्हा तीच फुलं आठवून खूश होतो? आमच्याकडे घरी आल्यावर फुलं आठवतात ती विक्रीची पट्टी हातात पडल्यावर, आणि आठवून कुणी खूश झाल्याचं ऐकिवात नाही.

‘सॉलिटरी रीपर’ शिकवायला घेतली त्या दिवशी तर वर्गाने कविताच ताब्यात घेतली. स्कॉटलंडच्या डोंगरात एक बाई एकटीच पीक कापते आहे आणि कापता कापता गाते आहे, एवढा सरांनी सांगितलेला मथितार्थ ऐकून पाथर्डीकडचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईवडील दर साल ऊसतोडीला जायचे. ‘‘सर, एकटी कशी?’’ त्याने विचारलं. आता हे समजून घ्यायचं तर ऊसतोडीचा हिशेब ठाऊक पाहिजे. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. एकट्या बाईला तिथे मुळी आकडाच नाही. मुलगा म्हणाला, ‘‘हिचा जोडीदार कुठंय? उचल कुणाच्या नावावर घेतलीय? आणि सर, मुकादम तिला गाऊ देतो?’’

सर थोडा वेळ पुस्तकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘रोमँटिक पीरियडमध्ये मुकादम नव्हते. लिहून घ्या.’’

पुढे एम.ए.ला गेल्यावर कळलं, की ती बाई वर्डस्वर्थने स्वतः पाहिलेली नव्हती. एका मित्राच्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितातल्या वाक्यावरून त्याला ती सुचली होती. म्हणजे शेतात वाकून कापणाऱ्या बाईला प्रत्यक्ष ओळखणारा माणूस कवी, प्रकाशक, विद्यापीठ आणि आमचे सर या सगळ्या साखळीत एकच होता. त्याला त्या पेपरात त्रेचाळीस मार्क पडले.

वर्गाबाहेर वेगळाच अभ्यासक्रम चालतो. पोरगं इंग्लिश घेऊन शिकतंय ही बातमी गल्लीत पोहोचायला पहिलं सत्र पुरतं. त्यानंतर तो मुलगा घरच्यांचा राहत नाही, सार्वजनिक होतो. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, टीव्हीचं वॉरंटी कार्ड, फवारणीच्या डब्यामागचा बारीक मजकूर, पुतण्याचा पासपोर्टचा अर्ज, दुबईहून आलेला ऑफर लेटरचा कागद, सगळं त्याच्या पुढ्यात येतं. आम्ही एस-वनमध्ये ऑथेल्लोच्या मनातला संशय सोडवत असायचो आणि दारात उभा असलेला माणूस विचारायचा, ‘‘पंधरा लिटरच्या पंपाला किती टाकायचं लिहिलंय?’’ त्याचं उत्तर चुकवून चालायचं नाही. ऑथेल्लोचं चुकलं तर फार तर पाच मार्क जातात, इथे दोन एकर कांदा जाणार.

आमच्या गल्लीत एक आबा होते. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा खर्च द्यायला विमा कंपनीने नकार दिला होता आणि तसं पत्र पाठवलं होतं. आबा हिरवा चष्मा लावून ओसरीवर येऊन बसले आणि पत्र पुढे करून म्हणाले, ‘‘वाच.’’

मी वाचलं. ‘‘आबा, क्लेम नामंजूर झालाय.’’

‘‘सगळं वाच आधी. लगेच शेवटाकडं पळायचं नाही.’’

मी पुन्हा सगळं वाचलं. ‘‘नामंजूरच आहे.’’

‘‘वरती डिअर लिहिलंय ना?’’

‘‘लिहिलंय.’’

‘‘मग? डिअर बी म्हणतंय आणि नाय बी म्हणतंय? तुझंच काहीतरी हुकतंय. किती टक्के पडले तुला फर्स्ट इयरला?’’

टक्के सांगितले. आबांना ते पुरेसे वाटले नाहीत. पण गल्लीत दुसरा इंग्लिशवाला नव्हता, म्हणून त्यांनी माझ्यावरच भागवायचं ठरवलं. ‘‘आता उत्तर लिही. आणि साधं लिहू नको. वाचणाऱ्याला धाप लागली पाहिजे.’’

पॉलिसीचा नंबर, ऑपरेशनची तारीख, बिलाचा आकडा आणि फेरविचाराची विनंती, असं आठ ओळींचं सुटसुटीत पत्र मी लिहिलं. आबांनी ते हाताच्या अंतरावर धरून पाहिलं. ‘‘यात एक बी शब्द लांब दिसत नाही. हे तर दहावीचं पोरगं लिहील. तीन वर्षं शिकून काय केलंस?’’ मग मी दोन ठिकाणी ‘हिअरइनआफ्टर’ टाकलं आणि शेवटी ‘विदाउट प्रेज्युडिस’ असं ठळक लिहून खाली रेघ मारली. आबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि पत्र खिशात घातलं.

दोन महिन्यांनी पैसे आले. ते दवाखान्याचा राहून गेलेला एक कागद आबांच्या मुलाने पाठवल्यामुळे आले. गावात मात्र त्याचं श्रेय रेघेवरच्या दोन शब्दांना मिळालं. त्यानंतर ग्रामपंचायतीकडे नळजोडासाठी अर्ज लिहून घेणारासुद्धा अर्ज मराठीत झाल्यावर सांगायचा, ‘‘खाली ते आबांचं मारा.’’

हल्ली मोबाइलमधलं यंत्र असली पत्रं चुटकीसरशी लिहून देतं. ते आलं तेव्हा माझी ओसरी ओस पडणार असं वाटलं होतं. घडलं भलतंच. आता लोक कंपनीचं पत्र घेऊन येतात, वर यंत्राने लिहिलेलं उत्तरही घेऊन येतात आणि म्हणतात, ‘‘या शहाण्यानं आपल्या नावानं काय काय कबूल करून ठेवलंय, ते जरा बघ.’’ पूर्वी एक पत्र वाचावं लागायचं, आता दोन. मानधन दोन्ही काळांत तेच, चहा.

चहावर संसार होत नाही, म्हणून इंग्लिशवाल्याला एक दिवस नोकरीचा विचार करावा लागतो. पहिली वाट शाळेची. बी.एड. करायचं, टीईटी द्यायची, टेट द्यायची आणि मग पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसायचं. ज्याने त्या पोर्टलला पवित्र हे नाव दिलं त्याला मानवी स्वभाव चांगला कळत होता. तिथे लोक खरोखरच हात जोडून बसतात.

दुसरी वाट प्राध्यापकीची. तिच्या तोंडाशी सेट आणि नेट उभ्या आहेत. महाराष्ट्रात सेट १९९५पासून होते आणि तिने साहित्याचा अभ्यास फार सोपा करून ठेवला आहे. पाच वर्षं माणूस ‘क्रिटिकली ॲप्रिशिएट’ करत करत पुरवण्या जोडायला शिकतो. परीक्षा येते ती गोल काळे करायची. कुठलं नाटक आधी आलं आणि कुठलं नंतर? डाव्या रकान्यातली कादंबरी उजव्या रकान्यातल्या कोणत्या पात्राशी जोडाल? इयत्ता चौथीत आम्ही ‘जोड्या लावा’ हा प्रश्न आवडीने सोडवायचो. एम.ए. होऊन पुन्हा तिथेच परत येता येतं, हे त्या वयात कुणी सांगितलं असतं तर एवढी घाई केली नसती.

सेट झाली की सीएचबी. सीएचबी म्हणजे घड्याळी तासिका तत्त्व. यातलं घड्याळ प्राध्यापकाचं असतं आणि तत्त्व शासनाचं. सकाळी एका कॉलेजात शेली शिकवायचा, दुपारी मोटारसायकलवर तीस किलोमीटर जाऊन दुसऱ्या कॉलेजात पुन्हा शेलीच शिकवायचा आणि दोन्हीकडच्या बिलांची वाट बघायची. कीट्स पंचविसाव्या वर्षी गेला, शेली तिशीच्या आत. दोघे सीएचबीवर असते तर तेवढ्या काळात त्यांचं पहिल्या वर्षाचं बिलही निघालं नसतं. कायम जागेची जाहिरात येते तेव्हा मुलाखतीला विषयतज्ज्ञ एलियटवर प्रश्न विचारतात, प्राचार्य ‘‘नॅकचं काम येतं का?’’ विचारतात आणि इतका वेळ गप्प बसलेले संस्थेचे अध्यक्ष शेवटी एकच विचारतात, ‘‘शेती किती आहे?’’ भालचंद्र नेमाड्यांनी ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला गावोगावच्या कॉलेजांतून फिरवलं. वाचकांना ती प्रतिभा वाटली. इंग्रजीच्या प्राध्यापकांना तो बायोडाटा वाटला.

तिसरी वाट इंजिनीअरिंग कॉलेजची. तिथे साहित्याला बंदी असते आणि ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाने इंग्लिशवाला ठेवलेला असतो. मशीन दुरुस्त करू शकणाऱ्या मुलांना हस्तांदोलन कसं करावं हे तो शिकवतो. चौथी वाट हिंजवडीला रात्रपाळीची. आमच्या बॅचचा हॅम्लेटवर हुकमत असलेला मित्र त्या वाटेने गेला. रात्री दोन वाजता टेक्सासातल्या एका आजींना राउटरची वायर काढून परत लावायला सांगणं हे त्याचं काम. तिथे त्याला नवं नावही मिळालं होतं. त्याची आई शेजारणीला सांगायची, ‘‘रात्रभर अमेरिकेशी बोलत असतो, पण घरी आल्यावर एक शब्द बोलत नाही.’’ पाचवी वाट स्पोकन इंग्लिशच्या क्लासची. बोर्डावर कोट घातलेल्या गोऱ्या माणसाचा फोटो, आत सर, आणि सरांच्या टेबलावर तर्खडकर.

माझी स्वतःची वाट यांतल्या कशातच बसली नाही. एका भाषांतर करणाऱ्या कंपनीत मी मुलाखतीला गेलो होतो. इंग्रजीतलं एम.ए. म्हणून मी एलियट, वूल्फ, जॉइस अशी मंडळी ताजी करून गेलो. समोरच्या बाईंनी माझं प्रमाणपत्र बघितलं, ‘‘इंग्लिश येतच असेल,’’ म्हणाल्या आणि मराठीचा पेपर पुढ्यात ठेवला. वॉशिंग मशीनची सूचनापुस्तिका होती. सासूला वाचून दाखवली तर तिला मशीन चालवता आलं पाहिजे, अशी त्यांची अट. त्या दिवसापासून माझं घर मराठीवर चालतं. इंग्रजीच्या पदवीने मला मिळवून दिलेला प्रत्येक रुपया मराठी लिहिल्याबद्दलचा आहे.

हे माझ्या एकट्याचं नशीब असावं असं मला वाटायचं. मग मागची पानं उलटली आणि लक्षात आलं की ही तर दीडशे वर्षांची वहिवाट आहे. इंग्रजी नीट शिकलेला मराठी माणूस शेवटी मराठीतच येऊन पोहोचतो.

आगरकरांचं बघा. १८८२ साली टिळक आणि ते कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढच्याच वर्षी आगरकरांचं ‘विकारविलसित’ आलं, म्हणजे मराठीतला हॅम्लेट. ज्या माणसाला आयुष्यात निर्णय घ्यायला कधी वेळ लागला नाही, त्याने निर्णयच न घेता येणारा राजपुत्र भाषांतराला निवडला. विंदा करंदीकर कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि घरी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, गटेचा फाउस्ट आणि शेक्सपिअरचा राजा लिअर मराठीत आणत. ज्या ॲरिस्टॉटलने एस-फोरला आमच्या पिढ्या गारद केल्या तो कधीचाच मराठीत येऊन बसला होता आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला वर्षानुवर्षं इंग्रजीचे प्राध्यापक होते. वर्गात इंग्रजी, बाजारात कन्नड आणि कागदावर मराठी. मर्ढेकरांनीही इंग्रजी शिकवलं आणि कविता मराठीत लिहिली. रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक आणि त्यांचा मोठा ग्रंथ ‘सौंदर्यमीमांसा’ मराठीत. नेमाडे तर नगर, धुळे, औरंगाबाद करत लंडनपर्यंत शिकवून आले आणि तिथून मातृभाषेचा झेंडा आणखी उंच धरून परतले. भोरचे गणेश देवी बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. १९९६ साली ती नोकरी सोडून ते आदिवासींच्या भाषांकडे वळले आणि पुढे भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात त्यांनी ७८० भाषांची नोंद करवली. एका भाषेची पदवी घेऊन निघालेला माणूस ७८०पर्यंत जाऊ शकतो, ही शक्यता मामांच्या बैठकीत कुणाच्या डोक्यात येत नाही.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. परक्या भाषेतली ओळ कळायची तर ती मनातल्या मनात मराठीत उलटी करून बघावी लागते. कुठे मराठी तोकडी पडते, कुठे तिला चार शब्द जास्तीचे आहेत, कुठे तिच्याकडे कोयता आहे आणि समोरच्याकडे नुसतीच एकटी बाई आहे, हे त्या उलटापालटीत दिसत जातं. मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याला ही कसरत पडत नाही, आपली भाषा तो गृहीत धरतो. इंग्लिशवाल्याला दोन्हीकडे परक्यागत उभं राहावं लागतं. इंग्रजाइतकं इंग्रजी आपल्याला या जन्मी येणार नाही, हे त्याला तिसऱ्या वर्षाला कळतं, आणि आपल्याला मराठी येते हेही त्याच सुमाराला.

गेल्या जूनमध्ये माझा मावसभाऊ आला. त्याच्या मुलीने इंग्लिश मेजर घ्यायचं मनावर घेतलं होतं आणि घरच्या बैठकीत त्यावर एकमत होत नव्हतं. आमच्याकडचे मामा आता हयात नाहीत, त्यामुळे तो मला विचारायला आला होता. ‘‘दादा, पुढं काय आहे तेवढं सांग. खरं सांग.’’

मी खरंच सांगितलं. पवित्र पोर्टल सांगितलं, सीएचबी सांगितलं, रात्रपाळी सांगितली, वॉशिंग मशीन सांगितलं. आगरकर आणि विंदाही सांगितले, पण ते ऐकताना तो घड्याळ बघत होता. शेवटी म्हणाला, ‘‘म्हणजे धरवत पण नाही आणि सोडवत पण नाही. जाऊ दे, तिला बी.कॉम.लाच घालतो. फॉर्मवर परवाच सही केलीय मी.’’

मुलगी शेजारीच बसली होती. ‘‘फॉर्म आणलायस का?’’ मी विचारलं. तिने पिशवीतून झेरॉक्स काढून दिली. फॉर्म चांगला चार पानांचा होता आणि सगळा इंग्रजीत. तिसऱ्या पानावर मेजर म्हणून इंग्लिश लिहिलेलं होतं, मायनर म्हणून मराठी, आणि त्याच्याखाली पालकाच्या रकान्यात माझ्या मावसभावाची लफ्फेदार सही होती.

तो माझ्याकडे बघत होता. ‘‘बरोबर आहे ना सगळं?’’

मुलगीही माझ्याकडेच बघत होती. मी चारही पानं पुन्हा शांतपणे वाचली, आबांच्या शिस्तीत, शेवटाकडे न पळता. एकही चूक नव्हती. ‘‘अगदी बरोबर भरलाय,’’ मी म्हणालो. ज्या मुलीला प्रवेशाआधीच इंग्रजीचा एवढा उपयोग करता येतो, तिच्या नोकरीची काळजी आपण कशाला करायची?